‘आधी कार्ड’ या मताचे खंडन

गेमिंगचा कॉम्प्युटर कमी पैशात जुळवायचा म्हटले की सल्ला देणारा कुणीही असो, पहिले वाक्य ठरलेले असते. निम्मे पैसे ग्राफिक कार्डात घाल, उरलेल्यात बाकीचे भागव. कॉलेजातला मित्र हेच सांगतो, बोईसरच्या बाजारातला दुकानदार हेच सांगतो, यूट्यूबवरचे जाणकारही हेच सांगतात. कार्ड हा गेमिंगचा प्राण. प्रोसेसर साधा चालतो. रॅमची एक स्टिक आत्ता टाकावी, दुसरीचे पुढे बघता येते. वीज पुरवणारा एसएमपीएस तर कॅबिनेटबरोबर येतोच. बोईसरजवळच्या सालवडमध्ये शिवाजीनगरच्या चाळींपासून नव्या बिल्डिंगांपर्यंत जिथे कुणी पैसे साठवून असा कॉम्प्युटर जुळवला असेल, तिथे कोटेशनचा कागद मागून पाहावा. त्यावर कार्डाचे नाव कंपनी, मॉडेल, मेमरी यांसह सविस्तर असते आणि एसएमपीएसपुढे नुसते ‘४५० वॅट’ असते. माझा वाद त्या कागदाशी आहे.

वादात उतरायचे तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, आणि या पूर्वपक्षाला बळ आहे. साध्या फुल एचडी पडद्यावर, म्हणजे १९२० बाय १०८० च्या पडद्यावर, २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग, उजेड आणि सावली ठरवावी लागते. हे काम कार्डाचे. पडदा २५६० बाय १४४० चा घेतला की ठिपके ३६ लाख ८६ हजारांवर जातात आणि कार्डावरचा भार त्याच प्रमाणात चढतो. ‘सायबरपंक २०७७’सारख्या डोळे दिपवणाऱ्या खेळात प्रोसेसर तोच ठेवून दुप्पट ताकदीचे कार्ड बसवले, तर फ्रेम जवळपास दुप्पट होतात. हे कुणी नाकारत नाही. एकाच भागावर पैसा लावायचा असेल तर तो कार्डावर लावावा, हे अनुमान त्यातूनच निघाले आहे.

अनुमान कुठे घसरते ते आपल्याकडच्या न्यायशास्त्राने फार पूर्वी दाखवून ठेवले आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती बिनचूक. ती उलटी करून जिथे अग्नी तिथे धूर म्हटले की चुकली, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धुरासाठी नुसता अग्नी पुरत नाही, ओले इंधन लागते. या न सांगितलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात आणि सोपाधिक हेतू त्यांच्या लेखी बाद असतो. ‘जिथे भारी कार्ड तिथे जास्त फ्रेम’ हे विधान नेमके या जातीचे आहे. त्यातल्या उपाध्या कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून ते नियमासारखे वाटते.

पहिली उपाधी प्रोसेसरची. कार्ड ठिपके रंगवते खरे. पण कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, कोणती वस्तू दिसते आणि कोणती आड आहे, हे सगळे ठरवून कार्डाला कामाची यादी देतो तो प्रोसेसर. दोघे एकापाठोपाठ एक, पण एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रेमवर राबत असतात. त्यामुळे जो हळू असेल त्याचा वेग सगळ्या यंत्राचा वेग ठरतो. समजा, एका खेळात प्रोसेसरला प्रत्येक फ्रेममागे ९ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ७. सेकंदाला १११ फ्रेम मिळतील. आता कार्ड बदलून दुप्पट ताकदीचे आणले, त्याचे काम साडेतीन मिलिसेकंदांत होऊ लागले. फ्रेम किती? १११च. नवे कार्ड साडेपाच मिलिसेकंद हातावर हात ठेवून बसते. यंत्राचा एकच भाग वेगवान केल्याने एकूण लाभाला न सुधारलेला भाग मर्यादा घालतो, हे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडले होते. संगणकशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला हा नियम शिकवतात आणि तीच मुले परीक्षा देऊन बाहेर पडली की ‘कार्डात पैसा घाल’ म्हणतात.

इथे प्रतिपक्षी म्हणेल, चाचण्यांचे आलेख समोर आहेत, आकडे काय खोटे बोलतात? आकडे खरे असतात. पण ते कसे काढले ते पाहा. कार्डाची चाचणी घेणारा त्याला बाजारातल्या सर्वांत वेगवान प्रोसेसरशी जोडतो, आणि शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे, कारण त्याला कार्डाचा गुण मोजायचा असतो, प्रोसेसरचा दोष त्यात मिसळायचा नसतो. म्हणजे उपाधी तो मुद्दाम दूर करतो. ग्राहक मात्र त्याच उपाधीत राहतो. याचा चोख दाखला अलीकडचाच आहे. इंटेलचे आर्क बी ५८० हे १२ जीबीचे कार्ड २०२४च्या डिसेंबरात आले आणि कमी पैशांतले उत्तम कार्ड म्हणून त्याचे कौतुक झाले. चाचण्या रायझन ७ ९८००एक्स३डी सारख्या महागड्या प्रोसेसरवर झालेल्या होत्या. महिन्याभरात, २०२५च्या जानेवारीत, काही परीक्षकांनी तेच कार्ड रायझन ५ २६०० आणि ५६०० अशा स्वस्त प्रोसेसरांवर चालवून पाहिले, तेव्हा काही खेळांत ते इतके घसरले की ज्या आरटीएक्स ४०६०ला त्याने मागे टाकले होते त्याच्याच मागे गेले. त्याच्या ड्रायव्हरचा बोजा प्रोसेसरवर जास्त पडत होता. बजेटचे कार्ड बजेटच्या प्रोसेसरवर नीट चालेना. एखाद्या मताला याहून थेट प्रत्युत्तर मिळत नाही.

बरे, आपल्याकडे खेळले काय जाते? सायबरपंकचे व्हिडिओ बघितले जातात. खेळला जातो व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जीटीए ५. व्हॅलोरंटच्या किमान गरजांत इंटेलच्या जुन्या एचडी ४००० या अंगच्या ग्राफिकचे नाव आहे, इतका तो कार्डाला हलका. त्यात सेकंदाला दीडशे-दोनशे फ्रेम हव्या असल्या तर त्या प्रोसेसर देतो. आणि दोनशे फ्रेम मिळाल्या तरी समोर जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणार, दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. बाकीच्या फ्रेमचा पैसा दुकानात राहिला. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर तेच अंतर सात मिलिसेकंदांच्या आत येते. व्हॅलोरंट खेळणाऱ्याने कार्डाची एक पायरी खाली उतरून तो पैसा पडद्यात घातला, तर हाताला फरक कळतो. कोटेशनमध्ये मॉनिटर मात्र बहुधा धरलेलाच नसतो. ‘घरी आहे’ असे असते.

आता पुढच्या उपाधीकडे, विजेकडे येतो. माझ्या मते सगळा वाद इथेच सुटतो.

भारतात नव्या म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त कार्डांत ‘आरएक्स ५८० ८ जीबी २०४८एसपी’ हे नाव वारंवार दिसते. मूळ आरएक्स ५८० २०१७च्या एप्रिलमध्ये आले, त्यात २३०४ शेडर होते. २०४८एसपी ही २०१८ साली चीनच्या बाजारासाठी काढलेली आवृत्ती. तिचे शेडर आरएक्स ५७० एवढे. नाव मोठ्या भावाचे, अंग धाकट्याचे. तो प्रकार बाजूला ठेवू, भूक पाहू. मूळ आरएक्स ५८०ची कागदावरची वीज १८५ वॅट. धाकट्याची त्याहून थोडी कमी, पण हिशेब मोठ्याचाच धरलेला बरा. प्रोसेसर ६५ वॅटचा. बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क यांचे तीस-चाळीस. बेरीज तीनशेच्या आत, आणि एसएमपीएस ४५० वॅटचा. मग अडचण कुठे आहे?

कॅबिनेटचे डाव्या बाजूचे झाकण काढून एसएमपीएसचे लेबल वाचा. तिथे कोष्टक असते: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, प्रत्येकापुढे अँपिअर. आजचा प्रोसेसर आणि कार्ड दोघेही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. बिननावाच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर छापलेले असेल तर गुणाकार करा: १९२ वॅट. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत, वीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरला लागत असत तिथे. म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर मिळून २५० वॅट मागणार आणि देणारा छापील कबुलीप्रमाणेच १९२ वॅटचा धनी. असल्या एसएमपीएसला कार्डासाठीची ८ पिनची तारही नसते, म्हणून दुकानदार मोलेक्सवरून ८ पिन काढणारा कन्व्हर्टर लावून देतो. ८ पिनचा जोड १५० वॅट वाहण्यासाठी ठरवला आहे. तो भार आता हार्ड डिस्कसाठी काढलेल्या बारीक तारांवर येतो. वायरी गरम होतात, खेळ ऐन रंगात आला की मशीन रिस्टार्ट होते आणि पोरगा म्हणतो, विंडोज खराब झाले, फॉरमॅट मारून द्या.

एसएमपीएसच्या पाठीमागे ११५/२३० असे लिहिलेले लाल बटण आढळले तर तो जुन्या बांधणीचा आहे असे समजावे. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट आपणहून ओळखतो, त्याला बटण लागत नाही. बटण ११५वर सरकले आणि आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात गेले, की आवाज येतो तेवढाच.

मग ‘८० प्लस’चा शिक्का पाहून घ्यावा ना? पाहावा, पण त्याचा अर्थ जाणून. २००४ साली सुरू झालेला हा शिक्का किती वीज उष्णतेत वाया जाते तेवढेच सांगतो. व्होल्टेज चढले, भार वाढला, शॉर्ट सर्किट झाले तर यंत्र स्वतःला आणि कार्डाला वाचवते की नाही, यावर तो काही बोलत नाही. शिवाय त्याची चाचणी होते २३ अंश सेल्सिअसच्या आसपास. सालवडमध्ये २३ अंश फक्त हिवाळ्याच्या रात्री मिळतात.

तापमानाचा मुद्दा कोटेशनमध्ये कधीच नसतो, म्हणून थोडे थांबतो. कार्ड किती तापेल ते खोलीवर बेरजेने ठरते. २३ अंशांच्या वातानुकूलित खोलीत चाचणीच्या वेळी ७० अंश दाखवणारे कार्ड, पंखे त्याच वेगाने फिरत राहिले तर, ३८ अंशांच्या खोलीत ८५ अंशांच्या घरात जाते. मे महिन्यातली दुपार, डोक्यावर सिमेंटचा पत्रा आणि कॅबिनेट पलंगाखाली, असे असेल तर ३८ हा आकडा दयेचा आहे. कार्ड मग स्वतःला वाचवायला वेग उतरवते. पैसे मोजले त्या वेगाचे कार्ड हाती राहत नाही. एसएमपीएसच्या आतल्या कपॅसिटरांचेही तसेच: तापमान दहा अंशांनी चढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. स्वस्तात ८५ अंशांचे कपॅसिटर घालतात, चांगल्यात १०५चे. एवढा फरक सालवडच्या उन्हाळ्यात कित्येक वर्षांचा ठरतो.

राहिले लाइट जाणे-येणे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९पासून इथे आहे, दोन जुन्या आणि दोन नव्या भट्ट्या मिळून त्याची क्षमता १,४०० मेगावॅट. ती वीज ग्रिडमधून दूरवर जाते आणि केंद्राच्या सावलीतल्या गावांना पावसाळ्यात मेणबत्ती शोधावी लागते, हा पालघरचा जुना विनोद. पूर्ण लाइट जाण्यापेक्षा डोळा लवावा तशी उडी मारणारी वीज कॉम्प्युटरला वाईट. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. वीज तुटल्यावर चांगल्या एसएमपीएसने साधारण १६-१७ मिलिसेकंद साठ्यावर तग धरावा अशी अपेक्षा असते. यूपीएस तोवर काही मिलिसेकंदांत आपल्याकडे भार घेतो. स्वस्त एसएमपीएसमध्ये मुख्य कपॅसिटरच लहान घातलेला असतो. त्यामुळे यूपीएस लावूनही मशीन रिस्टार्ट होते आणि दोष यूपीएसला लागतो. यूपीएसचाही हिशेब करून घ्यावा: घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो. त्यात मॉनिटरही आला. दीडशे वॅटच्या आतले कार्ड असेल तर तो पुरतो. अडीचशेचे असेल तर वीज जाताक्षणी नुसती शिट्टी मारतो.

याच्या उलट टोकाचाही एक पंथ आहे. तो ‘पुढचा विचार करून’ ८५० वॅटचा एसएमपीएस घ्यायला लावतो. तीनशे वॅटच्या मशीनला त्याची गरज नाही; १२ व्होल्टवर भरपूर अँपिअर देणारा, पाच वर्षांची वॉरंटी असलेला साडेपाचशेचा पुरतो. वाचलेले पैसे कुठे घालायचे ते पुढे येतेच.

हवेबद्दल लिहिले नाही तर सालवडचे नाव घेण्यात अर्थ नाही. तारापूर एमआयडीसी या गावाला लागून आहे आणि नवापूर-दांडीचा समुद्रही फार लांब नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर ९३.६९ गुणांनी सर्वांत वर होते. माणसांच्या फुप्फुसांपुढे कॉम्प्युटरचे काय कौतुक, हे मान्य. पण तीच हवा पंखे कॅबिनेटमध्ये ओढत असतात. गंधकाचे वायू तांबे आणि चांदी यांना खातात. सुट्या रोधकांच्या टोकांत चांदी असते, तिचे सल्फाइड झाले की परिपथ तुटतो. युरोपने २००६मध्ये शिशाच्या डाखाला बंदी घातल्यावर काही बोर्डांवर चांदीचा मुलामा आला आणि गंधकाची हवा असलेल्या जागी ते बोर्ड लवकर जाऊ लागले, हे डेटा सेंटरवाल्यांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांच्या मानकात चांदीचा पापुद्रा महिन्याला २०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी चढला तरच हवा निर्धोक मानतात.

घरी कोण अँगस्ट्रॉम मोजणार? पण बाजारातला उपाय सगळ्यांना माहीत आहे: मशीन चालू होईना, तर रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या, पुन्हा बसवायची. मशीन सुरू होते. पट्ट्यांवर जमलेला थर निघाला म्हणून ते सुरू झाले; तोच थर इतरत्रही जमतो, जिथे खोडरबर पोहोचत नाही. म्हणून इथे कॅबिनेट घेताना पुढची काच आणि रंगीत दिवे बघण्याआधी पुढे-खाली धुळीची जाळी आहे का, ती काढून धुता येते का, हे बघावे. चार रंगीत पंख्यांपेक्षा जाळीमागचे दोन साधे बरे. आणि मशीन दिवसातून थोडा वेळ तरी चालू ठेवावे. पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या थंड बोर्डावर ओल धरते.

एवढ्यावर प्रतिपक्ष विचारेल: मग कार्ड घ्यायचेच नाही का? खंडन झाले, मंडन कुठे आहे?

कार्ड घ्यावे, पण ते शेवटी ठरवावे. आधी खेळ आणि पडदा नक्की करा, कारण किती फ्रेम लागणार हे तिथे ठरते. मग त्या फ्रेम देऊ शकेल असा प्रोसेसर आणि त्याला पुढे वाढू देणारा बोर्ड. एएमडीचा एएम४ सॉकेट यात धडा म्हणून बघण्यासारखा आहे: २०१७मध्ये पहिल्या रायझनसाठी बोर्ड घेणाऱ्यांपैकी अनेकांना बायोस बदलून त्याच बोर्डावर ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवता आला. एवढे दीर्घ आयुष्य बाजारात दुर्मीळ. नंतर मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस. मग रॅमच्या दोन स्टिक. सगळे झाल्यावर जे उरेल त्यात जे कार्ड बसेल ते. बसत नसेल तर थांबा.

दोन स्टिकचा आग्रह का? डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी वाहते, दोन वेगळ्या चॅनलवर ५१.२. सोळा जीबीची एक आणि आठच्या दोन, किंमत जवळपास सारखी, रस्ता दुप्पट रुंद. खेळ मध्येच अडखळतो तेव्हा सरासरी फ्रेमचा आकडा छान दिसत असतो. दुखणे सर्वांत वाईट एक टक्का फ्रेममध्ये असते आणि ते बऱ्याचदा अरुंद रॅमचे किंवा फिरत्या हार्ड डिस्कचे असते. आणि जो आत्ता कार्डाविना राहणार आहे, त्याच्यासाठी तर हा जीवनमरणाचा प्रश्न. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरात ग्राफिक अंगचेच असते आणि ते स्वतःची मेमरी नसल्याने रॅममधूनच जेवते. एका स्टिकवर ते उपाशी राहते. दोन स्टिकवर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक आणि जीटीए ५ फुल एचडीत खेळण्याजोगे चालतात. वर्षभर असे चालवून नंतर कार्ड घेणारा, आज घाईने चार जीबीचे कार्ड घेणाऱ्यापेक्षा पुढे राहतो.

त्यातही एक खाच आहे. ५६००जी पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढीच बोलतो. त्यावर पुढे आरएक्स ६५०० एक्सटी बसवले, तर ते कार्ड मुळातच चार लेनचे, चौथ्या पिढीसाठी काढलेले; तिसऱ्या पिढीत त्याची वाट निम्मी होते. मेमरी चारच जीबी, ती भरली की त्याच वाटेने रॅमकडे धाव, आणि खेळ गचके खातो. २०२२च्या जानेवारीत आलेले हे कार्ड एकटे पाहिले तर स्वस्त, बोर्डासकट पाहिले तर महाग. आठ लेनचे, आठ जीबीचे, १३२ वॅटचे आरएक्स ६६०० तिथे कितीतरी बरे.

इंटेलच्या ‘एफ’वाल्या प्रोसेसरांचेही असेच. आय३-१२१००एफ हा उत्तम स्वस्त प्रोसेसर आहे. ‘एफ’ म्हणजे अंगचे ग्राफिक काढून टाकलेले. ते नसल्याने थोडे पैसे वाचतात, आणि ‘कार्ड घेणारच आहेस तर एफ घे’ हा सल्ला मुंबईत चालून जातो. सालवडमध्ये कार्ड बिघडले तर ते घेऊन मुंबईत ग्रँट रोडच्या बाजारात जावे लागते, शंभरेक किलोमीटर. वॉरंटीत कार्ड कंपनीकडे गेले की परत यायला आठवडे जाऊ शकतात. तेवढे दिवस एफवाले मशीन काळे पडते: ना खेळ, ना कॉलेजचा प्रोजेक्ट, ना बहिणीचा ऑनलाइन फॉर्म. बिनएफचा घेतला असता तर मॉनिटरची वायर बोर्डाला लावून घर चालले असते. ज्या घरात दुसरा कॉम्प्युटर नाही, तिथे एफ घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

टक्केवारीच्या नियमाचा निकाल तर बाजारानेच लावला. निम्मे कार्डात, हे गणित ज्या भावांवर बांधले ते भाव राहिलेच नाहीत. २०२१मध्ये क्रिप्टोच्या खाणकामामुळे कार्डे दुप्पट-तिप्पट झाली. इथेरियमने सप्टेंबर २०२२मध्ये ती पद्धत सोडल्यावर वापरून पिळलेली कार्डे बाजारात लोटली. २०२५च्या अखेरीस पाळी रॅमची आली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली, भाव काही महिन्यांत कितीतरी पटींनी चढले आणि ३ डिसेंबर २०२५ला मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा धंदा बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी निम्मे पैसे कार्डात घालणाऱ्याच्या हाती रॅमची एक स्टिक उरते, ती पण आठची.

सेकंडहँडवाल्यांना दोन शब्द. जुने घ्यायला हरकत नाही, पण ‘आय७ गेमिंग पीसी’ या पाटीला भुलू नये. आय७-३७७० हा २०१२चा, चार कोरचा. दहा वर्षांनी आलेला साधा आय३-१२१०० पण चार कोरचाच, आणि तो त्याला सहज मागे टाकतो. आय७ हे पद आहे, वय त्यामागच्या आकड्यात असते. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. जुगाड करून ते जुन्यावर चढवता येते, पण विंडोज ११वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो आणि नसेल तर दारातूनच परत पाठवतो. म्हणजे ज्या एका खेळासाठी मशीन घेतले तोच चालत नाही. ताकदीचे कार्ड इथे काय करणार?

कार्डाला कमी लेखण्याचा हेतू नाही. बाकीचे भाग जागेवर असतील तर कार्डाएवढा आनंद दुसरा कुठलाच भाग देत नाही. ‘बाकीचे भागव’ या दोन शब्दांत मात्र प्रोसेसर, वीज, उन्हाळा, हवा आणि ग्रँट रोडचा फेरा एवढे सगळे दडपलेले असते, आणि ते सगळे सालवडमध्ये राहणाऱ्यालाच भोगावे लागते.

तेव्हा पैसे देण्याआधी एवढे करा. कोटेशनवर एसएमपीएसपुढे मॉडेलचे पूर्ण नाव आणि १२ व्होल्टचे अँपिअर, आणि रॅमपुढे स्टिकची संख्या, दुकानदाराकडून लिहून घ्या. लिहून द्यायला तो तयार नसेल, तर दुसरे दुकान बघा.